वडील 72 चे आहेत, सोलापूर-पुणे हायवेला गाडी चालवू द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील 72 चे, बँकेतून रिटायर, जुळे सोलापुरात राहतात, तीस वर्षं झाली गाडी चालवतात आणि महिना-दीड महिन्यानं आईला घेऊन तुमच्याकडं हडपसरला येतात. गेल्या खेपेला टेंभुर्णीच्या पुढं एका ट्रकनं कट मारला, तेव्हापासून हायवेला लागलं की हात थरथरतो म्हणता. आई म्हणते गाडी विकून टाका, बाबा म्हणतात मला काही झालेलं नाही, आणि तुम्ही मधे अडकलाय. लायसनच्या नियमाचंपण विचारलंय.

मी एस्टीत 22 वर्षं स्टेअरिंगवर काढली, रिटायर झाल्यावर गेली नऊ वर्षं सोलापुरातच ड्रायव्हिंग शिकवतो, आणि आता स्वतः 67 चा आहे. त्यामुळं हे मी दुसऱ्याचं म्हणून सांगत नाही, माझ्याही घरात हाच विषय चालू असतो.

पहिलं सांगतो, किल्ली काढून घेऊ नका, निदान लगेच तरी नको. हे मी एकदा करायला लावलंय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. होटगी रोडचे एक रिटायर मास्तर होते, 76 चे, मुलानं विचारलं आणि मी सरळ सांगून टाकलं की बंद करा. गाडी विकली. दोन महिन्यांनी बघतो तर मास्तर स्कूटीवर, डोक्यावर टोपी, हेल्मेट नाही, अक्कलकोट रोडनं डंपरच्या बाजूनं चाललेत. म्हणजे पत्र्याच्या आत, बेल्ट लावून बसलेला माणूस आम्ही उघड्यावर आणून सोडला. माणसाला बाहेर जायचंच असतं ओ, बाजार असतो, देऊळ असतं, दवाखाना असतो, गाडी काढून घेतली म्हणून ती कामं संपत नाहीत. तेव्हापासून मी कुणालाही नुसतं वय ऐकून हो किंवा नाही म्हणत नाही, आधी शेजारी बसतो.

शेजारी बसून काय बघायचं ते सांगतो, हे तुम्हीपण करू शकता. सकाळी उजाडल्यावर लगेच निघायचं, जुना पुणे नाका, बाळे, केगाव, कोंडी, तिथून पाकणी, लांबोटी, आणि पुढं जागा बघून परत. तासाभराचं काम. बाबांना सांगायचं, दिसेल ते तोंडानं बोलत गाडी चालवा. "पुढं ट्रक, डावीकडं बाईकवाला, मागून पांढरी कार येतीय, पुढं दुभाजकात वळायची फट आहे तिथं एक माणूस उभा आहे." सुरुवातीला त्यांना अवघड वाटेल, पाच मिनिटांत जीभ सुटते. तुम्ही काही शिकवायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि एखादी गोष्ट त्यांनी बोलली नाही तर ती मागं गेल्यावर साध्या आवाजात विचारायचं, "बाबा, आत्ता डाव्या हाताला बाईकवाला होता तो दिसला का?"

सगळी गोम त्या उत्तरात आहे. "दिसला, पण ब्रेक जरा उशिरा लागला" असं म्हणाले तर ते सुधारता येतं, सवयीचं काम आहे, दोन-चार आठवड्यांत फरक पडतो. पण "कुठला बाईकवाला?" असं म्हणाले आणि असं तासात दोन-तीनदा झालं, तर ती ड्रायव्हिंगची चूक नाही, तो डोळ्याचा नाहीतर डोक्याचा विषय आहे. मग त्या दिवसापासून हायवे बंद आणि आधी डॉक्टर. काचबिंदू असला तर तो बाजूचं दिसणं हळूहळू खातो आणि माणसाला पत्ताच लागत नाही कारण समोरचं स्वच्छ दिसत असतं. पेपर वाचता येतो म्हणून डोळे चांगले, असं म्हणणारी पुष्कळ माणसं माझ्या शेजारी बसून गेलीत. डोळ्याच्या डॉक्टरांना नुसता नंबर काढा म्हणायचं नाही, मोतीबिंदू, डोळ्याचं प्रेशर आणि बाजूचं किती दिसतं ते सगळं बघा म्हणायचं. घरच्या घरी एक अंदाज घ्यायचा असेल तर लायसनच्या फॉर्म 1 मधेच लिहिलंय, दिवसाच्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, चष्मा लावून चालतं. गल्लीत साधारण 35 पावलं मोजा आणि वाचायला लावा.

आता हात थरथरतो त्याचं. घाबरल्यामुळं असेल, असं होतं, कट बसल्यावर मला स्वतःला आठवडाभर त्या ठिकाणी पाय आखडायचा. पण कप धरतानापण थरथरतो का ते बघा, नुसता बसलेला असताना थरथरतो का ते बघा, आणि डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडनं होतं, काही दम्याच्या औषधांनी होतं, कंपवाताची सुरुवातपण अशी असू शकते. हे अंगावर काढू नका.

आणि गोळ्या. शुगर आहे का त्यांना? तुम्ही लिहिलेलं नाही पण या वयात दहातल्या कितीतरी घरात असते म्हणून सांगतो. शुगरची गोळी नाहीतर इन्सुलिन घ्यायचं आणि वर गुरुवार, चतुर्थी, एकादशीचा उपास धरून गाडी चालवायची, हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि फार धोक्याचं आहे. एकादशीला पंढरपूरला निघालेले एक काका माझ्याकडं शिकलेले होते, मोहोळच्या फाट्याच्या अलीकडं घाम फुटला, गाडी आपोआप उजवीकडं सरकायला लागली, शेजारी मेहुणे होते म्हणून त्यांनी स्टेअरिंग धरलं. काकांना नंतर त्यातलं काहीच आठवत नव्हतं. शुगर उतरली की आधी अक्कल जाते, म्हणजे आपल्याला काहीतरी होतंय हे कळणारी अक्कलच जाते. तेव्हा गाडी चालवायच्या दिवशी उपास नाही, निघताना शुगर तपासायची, खिशात साखर नाहीतर ग्लुकोज ठेवायचं. सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी आदल्या रात्री घेतली असेल तर सकाळी अंगात असते, त्या दिवशी दुसऱ्यानं चालवायची.

आता हायवेची गोष्ट. सगळे म्हणतात वय झालं की स्पीड झेपत नाही. मला वाटतं हे अर्धंच खरं आहे. वय झाल्यावर जे कमी पडतं ते स्पीड नाही, ठरवायला लागणारा वेळ. पायात ताकद असते, ब्रेक लागतो, पण "समोरचा थांबणार का घुसणार, मी जाऊ का थांबू" हे ठरायला पोराला जितका वेळ लागतो त्यापेक्षा आपल्याला जास्त लागतो, आणि दोन-तीन गोष्टी एकदम आल्या की आणखी जास्त. म्हणून पोरांचे अपघात स्पीडमधे होतात आणि म्हाताऱ्या माणसांचे जास्त करून वळताना, चौकात, रस्ता ओलांडताना होतात. मग करायचं काय तर स्वतःसाठी वेळ तयार करायचा. तो कुठून काढायचा ते सांगतो.

सगळ्यात आधी पुढच्या गाडीपासून अंतर. 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पुढची गाडी एखाद्या बोर्डाजवळून गेली की मोजायचं, एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, एक हजार चार, आणि मग आपण त्या बोर्डाशी यायचं. पोरांना मी तीन सांगतो, साठीच्या पुढं चार. एवढं अंतर ठेवलं की कुणीतरी मधे घुसतंच, मग माणूस चिडतो आणि जवळ जातो. घुसू द्यायचं. पाय उचलायचा, परत चार मोजायचे. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटरमधे दहा-पंधरा गाड्या घुसल्या तरी पोचायला उशीर किती होतो, दोन मिनिटं.

दुसरं, हळू म्हणजे सेफ नाही. बाबा घाबरल्यामुळं आता 45-50 नं चालवत असतील आणि तेपण उजव्या लेननं, कारण डाव्या लेनला बाईकवाले आणि उलटे येणारे. बरोबर का? हे मी इतक्यांदा बघितलंय. मागून 80 नं येणारा ट्रक 45 च्या गाडीवर सेकंदाला दहा मीटरनं चढतो, मग तो डिपर मारतो, म्हणजे लाईट लुकलुकवतो, हॉर्न मारतो, शेवटी डावीकडून कट मारून जातो. टेंभुर्णीला काय झालं मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो, पण एकदा बाबांना विचारा की त्या वेळी ते कुठल्या लेनला होते आणि काटा कितीवर होता. डाव्या लेनला 70 च्या आसपास, सरळ रेषेत, असं चालवलं तर बहुतेक ट्रक तुमच्याच स्पीडला असतात आणि कुणाला तुमच्या मागं लागायचं कारणच राहत नाही. गाव आलं, फाटा आला, की मात्र आधीच पाय उचलून 50 वर यायचं. 70 झेपत नसेल, म्हणजे 70 ला हात घट्ट आवळले जात असतील, तर मग हायवे नको, हे मी स्पष्ट सांगतो.

ओव्हरटेक करताना ट्रकच्या डाव्या बाजूला रेंगाळायचं नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालापण तुम्ही दिसत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. जायचं असेल तर उजवीकडून एका दमात, नाहीतर मागं थांबायचं.

पंक्चर, म्हणजे दुभाजकातली ती वळायला केलेली फट, तिथून उजवीकडं वळायचंच नाही. कितीही जवळचं वाटलं तरी नाही. पुढं उड्डाणपुलाखालनं नाहीतर अंडरपासनं फिरून यायचं, दोन-तीन किलोमीटर जास्त पडतात, पडू द्या. समोरून 100 नं येणारी गाडी किती लांब आहे याचा अंदाज या वयात चुकतो, माझापण चुकतो.

आता रात्र. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे माझ्यावर आलंय. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मोहोळहून एका लग्नातून परत येत होतो, रात्री आठ-साडेआठ, लांबोटीच्या अलीकडं. समोरून येणाऱ्या ट्रॅव्हल्सचा अप्पर, म्हणजे वर मारलेला हेडलाईट, डोळ्यावर आला. आधी असं झालं तर एक-दोन सेकंदात परत दिसायला लागायचं, त्या दिवशी दिसेचना, पांढरं पांढरं राहिलं, आणि जेव्हा दिसलं तेव्हा समोर उसाची ट्रॉली. दोन ट्रॉल्या एकामागं एक, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाच्या कांड्याला नुसतं एक पोतं बांधलेलं, ते पोतं मला अजून दिसतं. ट्रॅक्टर चालत होता पण वीसच्या स्पीडनं. तुम्ही 80 नं असाल आणि तो 20 नं असेल तर शंभर मीटरचं अंतर सहा सेकंदात संपतं, मला त्यातले चार डोळे परत यायलाच गेले. डावीकडं साईडपट्टी मोकळी होती म्हणून वाचलो. बायको शेजारी होती, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. 22 वर्षं एस्टीच्या रात्रीच्या मुक्कामी ड्यूट्या मारलेला ड्रायव्हर मी, पण त्या दिवसापासून अंधार पडल्यावर हायवेला स्टेअरिंग धरलेलं नाही.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं ते असं की वयाबरोबर बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळं पडतं, साठीला डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि झगमगाटातून सावरायलापण वेळ लागतो. यात कमीपणा काही नाही, ते शरीराचं आहे. पण मग बाबांनी रात्रीचा हायवे सोडायचा, आजपासून, यावर चर्चा नको. आपल्याकडं तर दिवाळीनंतर मार्चपर्यंत ऊस चालू असतो, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या.

सूर्याचंपण बघा, याचा कुणी विचार करत नाही. सोलापूरहून सकाळी निघालं की सूर्य पाठीशी असतो, मस्त दिसतं. पण तेच दुपारी निघालं तर संध्याकाळी भिगवण-पाटसच्या पुढं तो बरोबर काचेत येतो. आणि पुण्याहून परत येताना सकाळी लवकर निघालं की उगवता सूर्य तोंडावर. तेव्हा तुमच्याकडं येताना पहाटे नाही, उजाडल्यावर साडेसहा-सातला निघायचं, आणि परत जाताना तुम्ही त्यांना नाश्ता करून नऊनंतर सोडा, म्हणजे सूर्य वर गेलेला असतो आणि उजेड असताना घरी पोचतात. मधे मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण असे तीन थांबे, भूक नसली तरी थांबायचं, गाडीतून उतरून दहा मिनिटं चालायचं. भिगवणला मासे खायचे असतील तर खुशाल खा म्हणावं पण मग तासभर तिथंच बसा, पोटभर जेवून दुपारी दोनला पाटसच्या सरळ रस्त्याला लागलं की डोळा लागतोच.

गाडीतलं थोडं. आरसे. बहुतेक लोकांच्या आरशात स्वतःच्याच गाडीचा दरवाजा अर्धा दिसतो, बाबांच्यापण दिसत असेल. ज्यांची मान वळत नाही त्यांना आरसा हाच आधार. डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि उजवा आरसा एवढा बाहेर काढायचा की गाडीची कड जेमतेम दिसेल, मग डोकं गाडीच्या मधोमध आणून डावा आरसा तसाच. सरळ बसल्यावर गाडी आरशात दिसणार नाही, बाजूची लेन दिसेल, तीच बघायची असते. सीट उंच करा, होत नसेल तर घट्ट उशी घ्या, स्टेअरिंगच्या वरून रस्ता दिसला पाहिजे, चक्रातून नाही. छाती आणि स्टेअरिंगमधे वीत आणि वर दोन बोटं तरी अंतर पाहिजे, एअरबॅग फुटते तेव्हा जवळ बसलेल्यालाच मारते. चप्पल घालून चालवायचं नाही.

टायर बघा. कमी वापरलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, नक्षी खोल असते, पण रबर वाळून कडक झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेला असेल तर नक्षी कशीही असो, बदला. सोलापूरच्या उन्हात, एप्रिल-मेमधे 42-43 ला, हा रस्ता तव्यासारखा तापतो, हवा कमी असली की टायर फुटायला वेळ लागत नाही. हवा सकाळी गार टायरमधे तपासायची.

आणि हो, काही घरात मुलं प्रेमानं नवी ऑटोमॅटिक गाडी आणून देतात. गुडघ्याला बरी पडते, मान्य. पण तीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय घाबरल्यावर क्लच शोधतो आणि ब्रेकवर आदळतो, नाहीतर उजवा पाय ब्रेक समजून रेस दाबतो. घेणार असाल तर आधी मोकळ्या मैदानात पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास, नंतर शहरात, आणि मग हायवेचं बघू.

आईंना माझा एक निरोप द्या. "अहो हळू, अहो ट्रक आला, तुम्हाला सांगितलं होतं ना" हे गाडीत बोलायचं नाही. भीती खरी असते, कळतं, पण त्या वेळी बाबांचं अर्धं डोकं आईंना उत्तर द्यायला जातं आणि ते अर्धं रस्त्याला पाहिजे असतं. त्यांना काम द्या. बोर्ड वाचायचे, फाटा किती लांब आहे सांगायचा, फोन उचलायचा, निघताना फास्टॅगमधे बॅलन्स आहे का बघायचा. आणि मागं बसल्या तरी बेल्ट लावायचा. त्याच धक्क्याला तरुण माणूस उठून बसतो तिथं आपल्या वयाची हाडं तुटतात.

लायसनचं विचारलंय तुम्ही. 55 च्या पुढं रिन्यू केलेलं लायसन पाच वर्षांचंच मिळतं आणि प्रत्येक वेळी फॉर्म 1-अ वर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. मुदत संपून वर्षाच्या वर गेलं तर परत टेस्ट. सर्टिफिकेट नुसतं सही करून देणारेपण असतात, माझ्या ओळखीच्या एकाला न तपासता मिळालं आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तेव्हा सर्टिफिकेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खरी तपासणी करा.

कधी पूर्ण बंद करायचं, तेपण विचारताय असं मी धरून चालतो. रोजच्या रस्त्यावर चुकायला लागले, सात रस्ता चौकातून घरी यायला विचार पडायला लागला, क्लच-ब्रेकची गल्लत झाली, एकदा जरी चक्कर आली किंवा फिट आली, तर त्याच दिवशी. बंपरच्या डाव्या कोपऱ्याला नवे नवे ओरखडे दिसायला लागले आणि "कुणीतरी पार्किंगमधे घासलं" असं उत्तर येत असेल तर परत एकदा शेजारी बसून बघा. एरवी एकेक रस्ता कमी करत जायचं, आधी रात्र, मग पाऊस, मग लांबचा हायवे, मग गर्दीची वेळ, आणि सकाळी दहा-अकराला घरापासून पाच किलोमीटरचं शेवटपर्यंत राहू दे. एकदम सगळं काढलं की माणूस भांडतो, एकेक काढलं की स्वतःच म्हणतो जाऊ दे.

पुण्याचं तर सोपं आहे. सकाळी वंदे भारत आहे, हुतात्मा एक्स्प्रेस आहे, एस्टीत 65 च्या पुढं निम्मं तिकीट आहे, 75 नंतर फुकट. सांगताना "तुम्हाला आता जमत नाही" असं सांगू नका. म्हणा, बाबा, या खेपेला रेल्वेनं या, मी स्टेशनला येते, आणि पुढच्या वेळी मी सोलापूरला येते, मग आपण दोघं सकाळी लांबोटीपर्यंत जाऊ, तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. तिथं थांबून चहा घ्या, शेंगा चिवडा घ्या, आणि तो बाईकवाल्याचा प्रश्न तिथून परत येताना विचारा, जाताना नको, जाताना ते तुमच्यासाठी म्हणून जास्तच सावध चालवतील. काय म्हणाले ते मला कळवा, मग पुढचं सांगतो.